परदेशी खेळणारे आयरिश फुटबॉलपटू : फॉर्म आणि ट्रान्सफरचा मागोवा

आयर्लंडबाहेरच्या क्लबांमध्ये खेळणाऱ्या आयरिश फुटबॉलपटूंवर वर्षभर नजर ठेवायची, म्हणजे कोण किती मिनिटं खेळला, कोण बेंचवर बसला, कोण लोनवर (ठराविक काळासाठी दुसऱ्या क्लबात) गेला, कोणाचा गुडघा दुखतोय आणि जानेवारीत कोण कुठल्या क्लबात जाणार याचा हिशोब ठेवायचा, ही आयर्लंडच्या फुटबॉलमधली जुनी आणि फार मनापासून जपलेली सवय आहे. कारण सरळ आहे. आयर्लंडची नॅशनल टीम कित्येक दशकं जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्यांच्या लीगमध्ये खेळणाऱ्या पोरांवर उभी आहे, त्यामुळे ऑक्टोबरमधल्या क्वालिफायरला टीम कशी असेल हे डब्लिनमध्ये बसून कळत नाही, ते इंग्लंडमधल्या प्रेस्टन, बर्मिंगहॅम नाहीतर हल्ली हॉलंडमधल्या अल्कमारच्या स्कोअरवरून कळतं. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या फुटबॉलला तिकडे 'क्रॉस-चॅनल' म्हणायची पद्धत आहे आणि ही सगळी सवय त्या एका शब्दाभोवती वाढली.

यात 'परदेशी' कोण आणि 'आयरिश' कोण हे वाटतं तितकं सोपं नाही. जेम्स मॅक्लीनचंच बघा. जन्म डेरीचा, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडचा, म्हणजे युनायटेड किंगडमचा. डेरी सिटी हा क्लब मात्र १९८५ पासून सरहद्दीपलीकडच्या लीग ऑफ आयर्लंडमध्ये खेळतो. २०११ मध्ये मॅक्लीन डेरी सिटीतून इंग्लंडच्या संडरलंडला गेला, म्हणजे नकाशावर एकाच देशात इकडून तिकडे, पण फुटबॉलच्या कागदांवर एका असोसिएशनमधून दुसऱ्या असोसिएशनमध्ये. त्यात हा पोरगा नॉर्दर्न आयर्लंडकडून २१ वर्षांखालच्या टीममध्ये खेळलेला, नंतर रिपब्लिककडे, म्हणजे डब्लिन राजधानी असलेल्या स्वतंत्र आयर्लंडकडे आला आणि शंभरहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने खेळला. असा बदल चालतो का हा वाद डॅनियल केर्न्सच्या प्रकरणात स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेला होता आणि २०१० मध्ये निकाल खेळाडूच्या बाजूने लागला. उलट्या दिशेची उदाहरणं जास्त जिव्हारी लागतात : डेक्लन राईस २०१८ मध्ये आयर्लंडकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळून २०१९ मध्ये इंग्लंडकडे गेला, त्याच्याआधी जॅक ग्रीलिश २१ वर्षांखालच्या टीमनंतर गेला होता. म्हणून मागोवा घेणारे लोक फक्त गोल मोजत नाहीत, आजी-आजोबा कुठले तेही बघतात.

ही सवय नेमकी सुरू कधी झाली याबद्दल एकमत नाही. एक मत असं की इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलला परवानगी मिळाली आणि पगार घेऊन खेळायला तिकडे जाणं शक्य झालं तेव्हाच हे सुरू झालं, कारण आयर्लंडमध्ये व्यावसायिकतेला मान्यता मिळायला १८९४ उजाडलं. दुसरं मत १९२१ धरतं, त्या वर्षी डब्लिनमध्ये वेगळी असोसिएशन निघाली आणि वेगळी लीगही सुरू झाली, आणि आयरिश फुटबॉलचे दोन तुकडे झाले. पण पोरं बाहेर गेली एवढ्यावरून त्यांचा मागोवा घेतला जात होता असं म्हणता येत नाही, मागोवा घ्यायला काहीतरी कारण लागतं. ते कारण बहुधा १८९९ मध्ये मिळालं. १८८० मध्ये बेलफास्टला स्थापन झालेली आयरिश फुटबॉल असोसिएशन तोपर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी घरच्याच क्लबांतले खेळाडू निवडायची. १८ फेब्रुवारी १८९९ ला संडरलंडमध्ये इंग्लंडने आयर्लंडला १३-२ ने हरवलं आणि दोनच आठवड्यांनी, ४ मार्चला, वेल्सविरुद्धच्या टीममध्ये इंग्लंडमध्ये खेळणारे चार आयरिश खेळाडू घेतले गेले. आयर्लंड तो सामना १-० ने जिंकलं. त्या चौघांत आर्ची गुडॉल होता, बेलफास्टला जन्मलेला, वय ३४, आणि त्याचा सख्खा भाऊ जॉन गुडॉल लंडनला जन्मलेला म्हणून इंग्लंडकडून खेळलेला. वेल्सनंतर तीन आठवड्यांनी स्कॉटलंडने ९-१ ने धुतलं तेव्हा आयर्लंडचा एकुलता एक गोल आर्चीचाच. म्हणजे नवा नियम लगेच सगळं बदलून गेला असं नाही, पण यानंतर निवड समितीला इंग्लंडच्या मैदानांवर काय चाललंय हे बघणं भागच पडलं, म्हणून १८९९ हीच तारीख जास्त पटते.

१९२१ नंतर दोन्ही असोसिएशन्स अख्ख्या बेटावरचे खेळाडू आपलेच समजून निवडत राहिल्या. याचं सगळ्यात डोळ्यात भरणारं उदाहरण सप्टेंबर १९४६ चं. २८ तारखेला बेलफास्टमध्ये इंग्लंडकडून ७-२ हार, ३० तारखेला डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर इंग्लंडकडूनच १-० हार, आणि मँचेस्टर युनायटेडचा जॉनी कॅरी दोन्ही सामन्यांत आयर्लंडकडून, फक्त आयर्लंड वेगवेगळी. १९५० च्या वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये काही खेळाडू एकाच स्पर्धेत दोन्हीकडून खेळले आणि मग फिफाने मध्ये पडून हे बंद केलं.

पोरं बाहेर जायची ती स्काउटमार्फत. डब्लिनमध्ये मँचेस्टर युनायटेडचा माणूस बिली बेहान, स्वतः एकेकाळचा गोलकीपर, त्याच्या नजरेतून कॅरी गेला, लियम व्हेलन गेला, जॉनी जाइल्स गेला, खूप नंतर पॉल मॅकग्राही गेला. व्हेलन हा डब्लिनच्या काब्रा भागातला, होम फार्म या पोरांच्या क्लबातून आलेला, २२ वर्षांचा असताना ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात गेला. काब्रामधल्या रेल्वेवरच्या एका पुलाला त्याचं नाव दिलेलं आहे. बाहेर गेलेल्या पोराला गल्ली आपलाच मानते, त्याचं यापेक्षा मोठं उदाहरण देता येणार नाही. अर्थात सगळ्या आयर्लंडला हा खेळ आपला वाटत होता असं नाही. गेलिक असोसिएशनने, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांच्या संघटनेने, १९७१ पर्यंत आपल्या सभासदांना असे 'परके' खेळ खेळायला आणि बघायलाही बंदी घातलेली होती, त्यामुळे क्रॉस-चॅनल फुटबॉलची आवड जास्त करून शहरातली, डब्लिन, कॉर्क, वॉटरफर्ड अशा ठिकाणची.

नॅशनल टीम १९६९ पर्यंत समितीच निवडायची, त्या वर्षी मिक मीगनला पहिल्यांदा मॅनेजर म्हणून टीम निवडायचे अधिकार मिळाले. पुढे १९८६ ते १९९६ मॅनेजर जॅक चार्ल्टनच्या काळात 'ग्रॅनी रूल' म्हणजे आजीच्या जन्मावरून मिळणारी पात्रता इतकी वापरली गेली की मागोव्याची यादी एकदम लांबली, कारण आता स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये जन्मलेली पोरंही त्यात आली. १९८८ मध्ये श्टुटगार्टला इंग्लंडविरुद्ध आणि १९९४ मध्ये न्यू जर्सीत इटलीविरुद्ध, दोन्ही १-० विजयांतला गोल रे हॉटनचा, आणि हॉटन जन्माने ग्लासगोचा.

ब्रिटनपलीकडे गेलेले थोडे, पण त्यांच्या गोष्टी जास्त रंगतात. डब्लिनचा पॅट्रिक ओ'कॉनेल मँचेस्टर युनायटेडकडून खेळून स्पेनला गेला आणि मॅनेजर म्हणून १९३५ मध्ये रेआल बेतिसला लीग जिंकून दिली. जॉन ऑल्ड्रिज १९८९ मध्ये रेआल सोसिएदादला गेला, जिथे तोपर्यंत कित्येक वर्षं बास्क (स्पेनच्या त्या उत्तरेकडच्या भागातला) नसलेला खेळाडू घेतच नव्हते. पण खरं लिहायला हवं ते लियम ब्रेडीबद्दल. १९८० मध्ये इटलीने परदेशी खेळाडूंना परत दार उघडलं, क्लबाला एकच, आणि युव्हेंटसने आर्सेनलमधून ब्रेडीला नेलं. पहिल्या सीझनला लीग जिंकली. दुसऱ्या सीझनमध्ये, १९८२ च्या वसंतात, क्लबाने फ्रान्सच्या प्लातिनीशी करार केला, पोलंडचा बोनियेक आधीच ठरलेला, आणि परदेशी आता एकाऐवजी दोन चालणार असले तरी दोनच, त्यामुळे ब्रेडीला जावं लागणार हे सगळ्यांना कळलं, त्यालाही. १६ मे १९८२, शेवटचा दिवस, युव्हेंटस आणि फियोरेंटिना पॉइंटमध्ये बरोबरीत, युव्हेंटसचा सामना कातान्झारोला. स्कोअर ०-०, पंधरा मिनिटं उरलेली आणि पेनल्टी मिळाली. ज्या क्लबाने नको म्हणून सांगितलं त्याच क्लबासाठी ब्रेडीने चेंडू शांतपणे जाळ्यात मारला, लीग जिंकून दिली आणि सांपदोरियाला निघून गेला. परदेशी खेळणाऱ्या आयरिश खेळाडूबद्दल कोणी विचारलं तर सगळ्यात आधी हीच पेनल्टी सांगावी.

मागोवा घ्यायची साधनं बदलत गेली. आधी संध्याकाळचे पेपर आणि रेडिओ, पूर्व किनाऱ्यावर ब्रिटिश टीव्हीचे सिग्नल घरातल्या एरियलवर मिळायचे तेही, मग आरटीई या आयर्लंडच्या टीव्ही-रेडिओ संस्थेची एअरटेल ही टेलिटेक्स्ट सेवा (टीव्हीवर अक्षरांत बातम्या), १९८७ ते २०२३. काळ्या स्क्रीनवर रंगीत अक्षरं, पान आपोआप उलटायची वाट बघायची आणि स्कोअरखाली गोल करणाऱ्याचं आडनाव दिसलं की समजायचं. आता फोनवर मिनिटागणिक कळतं.

फॉर्म वाचायची एक रीत आहे, त्यात गोलांपेक्षा मिनिटांना भाव जास्त. मोठ्या क्लबाच्या बेंचवर बसलेला बरा की खालच्या डिव्हिजनमध्ये दर शनिवारी खेळणारा बरा, हा न संपणारा वाद. कॉर्कचा गोलकीपर क्वीव्हीन केलहर वर्षानुवर्षं लिव्हरपूलमध्ये आलिसनच्या मागे दुसरा होता, २०२२ च्या लीग कप फायनलला ११-१० अशा शूटआउटमध्ये जिंकवणारी पेनल्टी त्याचीच, तरी दर आठवड्याचं खेळणं मिळालं ते २०२५ मध्ये ब्रेंटफर्डला गेल्यावर. ट्रॉय पॅरटचं उदाहरण यापेक्षाही बोलकं. डब्लिनमधून टॉटनमला गेला, मिलवॉल, इप्सविच, मिल्टन कीन्स, प्रेस्टन असं लोनवर फिरत राहिला, लोकांनी जवळजवळ नाव सोडून दिलं, मग हॉलंडमध्ये एक्सेलसियरला लोनवर जाऊन सूर सापडला आणि २०२४ मध्ये तो अल्कमारच्या एझेडला कायमचा गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्लिनला पोर्तुगालविरुद्ध २-० मधले दोन्ही गोल त्याचे, तीन दिवसांनी बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध ३-२ मधले तिन्ही त्याचे, शेवटचा ९६ व्या मिनिटाला. ज्यांनी त्याचे लोनचे कंटाळवाणे शनिवार मोजले होते त्यांना त्या रात्री सगळं भरून मिळालं.

ट्रान्सफरमध्ये इतका रस का, तर पैसा घरापर्यंत येतो म्हणून. रॉय कीन १९९० मध्ये कोव्ह रॅम्बलर्समधून नॉटिंगहॅम फॉरेस्टला ४७ हजार पौंडांत गेला आणि तीनच वर्षांत ३७.५ लाख पौंडांत मँचेस्टर युनायटेडला. शेमस कोलमन २००९ मध्ये स्लायगो रोव्हर्समधून एव्हर्टनला ६० हजार पौंडांत गेला आणि तिथे चारशेहून जास्त सामने खेळला. अशी विक्री बघून छोट्या क्लबांनी पुढच्या विक्रीत टक्का ठेवायला सुरुवात केली. शिवाय फिफाची सॉलिडॅरिटीची व्यवस्था आहे : ट्रान्सफर फीमधले ५ टक्के, १२ ते २३ या वयात खेळाडू ज्या ज्या क्लबात घडला त्यांच्यात वाटायचे, १२ ते १५ च्या प्रत्येक सीझनला ०.२५ टक्के आणि १६ ते २३ च्या प्रत्येक सीझनला ०.५ टक्के. यात मोठी फट होती. ट्रान्सफर दोन देशांमध्ये असेल तरच हे लागू व्हायचं, म्हणजे आयरिश पोरगा एका इंग्लिश क्लबातून दुसऱ्या इंग्लिश क्लबात कितीही किमतीला गेला तरी त्याच्या लहानपणच्या डब्लिनच्या क्लबाला काही मिळत नसे, आणि आयरिश खेळाडूंच्या बहुतेक मोठ्या ट्रान्सफर तर तशाच. जुलै २०२० पासून हा नियम बदलला आणि अशा देशांतर्गत ट्रान्सफरही त्यात आल्या. ज्या क्लबाचं मैदान शनिवारी सकाळी पालकच आखतात त्याला यातून नवी जाळी, नवे कपडे, प्रशिक्षकाचा खर्च निघू शकतो, म्हणून हा कंटाळवाणा वाटणारा नियम इथे सविस्तर दिला.

यानंतर लगेचच जास्त मोठा बदल झाला. फिफाच्या नियमांचं १९ वं कलम १८ वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशात जाऊ देत नाही, युरोपियन युनियनमध्ये मात्र १६ पासून जाता येतं. ब्रिटन बाहेर पडल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून आयर्लंडची १६-१७ वर्षांची पोरं इंग्लंडला जाणं जवळजवळ थांबलं. मग काही जण थेट युरोपात गेले, केविन झेफी शॅमरॉक रोव्हर्समधून इटलीच्या इंटरला, जेम्स अबान्क्वा सेंट पॅट्रिक्समधून इटलीच्याच उदिनेझेला. बाकीचे १८ होईपर्यंत घरच्याच लीगमध्ये मोठ्यांबरोबर खेळायला लागले. सेंट पॅट्रिक्सचा मेसन मेलिया याने २०२५ च्या सुरुवातीला टॉटनमशी करार केला पण जायचं जानेवारी २०२६ मध्ये, आणि त्याची किंमत लीग ऑफ आयर्लंडमधली विक्रमी मानली जाते. २००३ पासून ही लीग उन्हाळ्यात चालते, नोव्हेंबरला संपते, त्यामुळे जानेवारीची विंडो, म्हणजे ट्रान्सफरची मुदत, तिकडे खरी धामधुमीची.

महिलांमध्ये अ‍ॅन ओ'ब्रायन १९७३ मध्ये, १७ व्या वर्षी, डब्लिनहून फ्रान्सच्या रांसला आणि तिथून १९७६ मध्ये लाझियोला गेली, इटलीत लीगची विजेतेपदं मिळवली. अलीकडच्या काळात केटी मॅकेब २०१५ मध्ये आर्सेनलला गेली आणि मे २०२५ मध्ये लिस्बनला बार्सिलोनाला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या टीममध्ये होती.

भारताशी थेट नातं रॉबी कीनमुळे आलं. आयर्लंडकडून १४६ सामन्यांत ६८ गोल करणारा हा माणूस २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये कोलकात्याच्या एटीकेकडून खेळला आणि सीझनच्या शेवटी खेळाडू-मॅनेजरही झाला, म्हणजे त्या एका सीझनला आयर्लंडमधले लोक त्याच्यासाठी भारतातले स्कोअर बघत होते. इकडून मागोवा घ्यायचा तर इंग्लंडचा शनिवार दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो. नावं मात्र रोमन अक्षरांवरून वाचू नयेत, आयरिश स्पेलिंग वेगळ्या नियमांनी चालतं, त्यामुळे अक्षरांवरून 'काओइमहिन' वाटतं ते खरं क्वीव्हीन, आणि 'सीमस' नाही, शेमस.