जास्त किलोमीटर, कमी तास

आपल्याकडे अंतर विचारलं की उत्तर तासांत येतं. “लातूरहून पुणं किती लांब?” “सहा-सात तास.” रस्त्यावर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. विमानाला मात्र तो लावायला जाऊ नये.

ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेला अटलांटिकवरून न्यायचं सोडून पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं. जुनी वाट सुमारे 13,900 किलोमीटरची, नवी 15,300 ची. एवढा वळसा घेऊनही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा साधारण दोन तास लवकर.

का, असं विचारलं तर हमखास उत्तर येतं, “पृथ्वी फिरते ना!” आता हे जरा तपासू. छत्रपती संभाजीनगरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,570 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरतेय. ती विमानाखालून निसटत असती, तर तिथल्या चिकलठाणा विमानतळावर नुसतं हवेत थांबलेलं हेलिकॉप्टर दहा-अकरा मिनिटांत डहाणूच्या किनाऱ्यावर असतं! आणि ताशी 900 ने उडणाऱ्या विमानाला पूर्वेकडे कधी जाताच आलं नसतं. तसं होत नाही, कारण जमिनीसोबत हवाही फिरते.

तरी पृथ्वीचा यात हात आहेच, फक्त आडून. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी 1,670 किलोमीटर, 60 अक्षांशावर त्याच्या निम्मा. उष्ण प्रदेशातली तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे सरकते तेव्हा हा जादा वेग सोबत नेते आणि खालच्या जमिनीच्या पुढे, पूर्वेकडे धावू लागते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर त्यातूनच वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. हेच जेट स्ट्रीम. त्यांचा वेग अनेकदा ताशी दीडशे-दोनशे, कधी चारशेच्याही वर. ताशी 900 ने उडणाऱ्या विमानाला 9,000 किलोमीटरच्या वाटेवर शंभराचा वारा पाठीशी असला तर नऊ तास. तोच समोरून आला तर सव्वा अकरा. पूर्वेला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाला हाच वारा पाठीशी मिळाला.

मग सरळ वाट कोणती? शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि संभाजीनगर ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. तो ना युरोपकडे जातो, ना जपानकडे. हिमालय ओलांडून सायबेरिया, आर्क्टिक, अलास्का असा जवळजवळ उत्तरेलाच निघतो. अंतर सुमारे 13,300 किलोमीटर. पण या दोऱ्यावरून विमान नेणं सोपं नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान तातडीने तीन किलोमीटर उंचीवर उतरवावं लागतं, आणि तिबेटची जमीनच चार-साडेचार किलोमीटरवर आहे. शिवाय आकाशालाही सरहद्दी असतात: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली आणि आपल्या विमानांना पश्चिमेकडे जाताना वळसे पडले.

हिवाळ्यात जेट स्ट्रीमचा जोर वाढतो. त्यामुळे डिसेंबरात मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्याने तिकिटावरचे तास मोजताना परतीचे तास वेगळे मोजावेत. येताना वारा पाठीशी असतो. आणि मोजताना दोन्हीकडच्या घड्याळांतला साडेदहा तासांचा फरक धरायला विसरू नये.