अमेरिकेतला पब्लिक रेडिओ आणि शाळांच्या बातम्या

अमेरिकेतला पब्लिक रेडिओ म्हणजे सरकारी रेडिओ नाही आणि जाहिरातींवर चालणारा पण नाही, श्रोत्यांची वर्गणी, देणग्या आणि थोडी सरकारी मदत (केंद्राची मदत २०२५ पर्यंत) यावर चालत आलेली ही ठिकठिकाणची स्टेशनं आहेत, १९६७ च्या कायद्याने त्यांना आधार मिळाला आणि १९७० मध्ये एनपीआर, म्हणजे या स्टेशनांना देशभरचे कार्यक्रम पुरवणारं नॅशनल पब्लिक रेडिओ, उभं राहिलं. बऱ्याच स्टेशनांवर फक्त शाळांच्या बातम्या बघणारा एक रिपोर्टर असतो, आणि माझ्या मते स्टेशनचं सगळ्यात मोलाचं काम तोच करतो.

कारण तिथे शाळा वॉशिंग्टनमधून चालतच नाहीत. साधारण १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आहेत, बहुतेकांचं बोर्ड लोक निवडून देतात, आणि शाळा बंद करायची का, बसचा रूट काढायचा का हे सगळं तिथे रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मीटिंगमध्ये ठरतं. लोकल पेपर बंद पडत गेले तसं या मीटिंगला जाऊन बसणारं कोणी उरलं नाही. रेडिओवाला जातो. एखाद्या आईला माईकसमोर जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, वेळ संपल्याची बेल वाजते, तरी ती बोलतच राहते, आणि तो कापरा आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालेल्या माणसाच्या गाडीत ऐकू येतो. छापील बातमीत हे येत नाही.

पैशाचा विषय तर आकड्यांशिवाय कळतच नाही. शाळांना मोटामोटी ४५ टक्के पैसा स्थानिक, ४५ टक्के राज्याचा आणि १० टक्के केंद्राचा मिळतो, आणि स्थानिक म्हणजे मुख्यतः घर-जमिनीवरचा टॅक्स. २०१६ मध्ये एनपीआर आणि वेगवेगळ्या स्टेशनांचे २० रिपोर्टर एकत्र आले आणि हे उलगडून सांगितलं: शिकागोच्या आसपासचेच दोन डिस्ट्रिक्ट, एका ठिकाणी एका मुलामागे वर्षाला ९,७९४ डॉलर खर्च, दुसरीकडे २८,६३९. त्याच शिकागोत २०१३ मध्ये बोर्डाने एका दमात ५० शाळा बंद करायचं ठरवलं तेव्हा तिथलं डब्ल्यूबीईझेड हे पब्लिक रेडिओ स्टेशन हा विषय लावून धरत होतं आणि निर्णय झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२०२५ च्या जुलैमध्ये संसदेने पब्लिक ब्रॉडकास्टिंगचे पुढच्या दोन वर्षांचे सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. मोठ्या शहरातली स्टेशनं वर्गणीवर तग धरतील, पण खेड्यापाड्यातल्या छोट्या स्टेशनांचा खर्च बराचसा याच पैशातून भागायचा, आणि बोर्डाच्या मीटिंगला जाणारं तिथे बऱ्याचदा तेच एकटं असतं.