चोराला घाई नसते

क्वांटम किल्ली-वाटपाची, म्हणजे संदेश गुप्त ठेवणारी ०-१ ची किल्ली प्रकाशाच्या कणांतून दोघांनी वाटून घेण्याची कल्पना सांगायला सोपी आहे. पाठवणारा एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) दोनपैकी एका पद्धतीने ध्रुवित करून, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा ठरवून, धाडतो. कोणती पद्धत वापरली, ते मागाहून जाहीर होतं. मध्येच कुणी प्रत्येक फोटॉन मोजून पुढे पाठवू लागला, तर निम्म्या वेळा त्याची पद्धत चुकते आणि किल्लीत साधारण २५ टक्के चुका उमटतात. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी १९८४ मध्ये बंगळूरच्या एका परिषदेत हे मांडलं. चोर सापडला, विषय संपला?

छे. हा झाला बावळट चोर. सुरक्षिततेची सिद्धता हवी ती निसर्गनियमांत बसेल ते सगळं करू शकणाऱ्या चोराविरुद्ध. तो फोटॉन मोजणारच नाही. त्याच्याशी आपला एक कण गुंतवून ठेवील, असे लाखो कण साठवील आणि सवडीने सगळे एकत्र मोजील. अशा चोराला पुरून उरणारी डॉमिनिक मेयर्स यांची सिद्धता १९९६ मध्ये आली, पण ती भलतीच किचकट होती. पीटर शोर आणि जॉन प्रेस्किल यांनी २००० मध्ये ती सुटसुटीत केली. चुका ११ टक्क्यांच्या आत असतील, तर किल्ली आखूड करत करत चोराच्या हाती लागलेली माहिती निरुपयोगी करता येते.

मला मात्र खरी गंमत वाटते ती व्याख्येत राहिलेल्या फटीची. सुरक्षित म्हणजे काय? तर चोराने आपले कण मोजले, तरी त्याला किल्लीबद्दल जवळपास काही कळू नये. वाचताना काही खटकत नाही. पण मोजायची घाई आहे कुणाला? किल्ली वापरून संदेश जाईपर्यंत तो थांबेल. संदेशाची सुरुवात ठरावीक असेल, तर त्यावरून किल्लीचा पहिला तुकडा मिळेल, आणि साठवलेले कण कसे मोजावेत याचा सुगावा त्या तुकड्यातूनच लागेल. जुनी व्याख्या पाळूनही अशी दगा देणारी किल्ली असू शकते, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. रेनाटो रेनर यांच्या २००५ च्या प्रबंधातली कसोटी आधीच अशा फटीला जागा न ठेवण्याइतकी कडक होती: चोराजवळचे कण जमेस धरूनही ही किल्ली आणि चोराला अजिबात ठाऊक नसलेली आदर्श किल्ली यांत फरक ओळखता येता कामा नये; सूट फक्त नगण्य शक्यतेची.

तरी २०१० मध्ये बाजारातल्या दोन यंत्रणा फोडल्या गेल्याच. प्रखर प्रकाश टाकून फोटॉन टिपणारे शोधक आंधळे केले, की ते चोर म्हणेल तसे वागत. सिद्धता चुकली नव्हती. तिच्यातला शोधक आणि प्रत्यक्षातला शोधक वेगळे निघाले. २०१२ मध्ये यावर तोड निघाली. शोधक किल्ली वाटून घेणाऱ्या दोघांच्या मध्ये ठेवायचे आणि सिद्धता अशी रचायची, की ते खुद्द चोराने चालवले तरी बिघडू नये.