अंगठ्याची साक्ष

पूर्ण भूल म्हणजे गाढ झोपेचं इंजेक्शन, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञ तेव्हा शुद्ध घालवत असतात, वेदना थोपवत असतात आणि बऱ्याचदा स्नायूही सैल करत असतात. या शेवटच्या कामाचं औषध वेगळं. त्यानं झोप येत नाही आणि दुखणंही थांबत नाही. माणूस फक्त हलायचा थांबतो, श्वाससुद्धा यंत्रानं द्यावा लागतो.

दक्षिण अमेरिकेत शिकारीच्या बाणांना लावलं जाणारं क्युरारे १९४२ साली मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भुलेत वापरलं. पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून त्याआधी भूल फार खोल द्यावी लागे. आता हलकी भूलही पुरू लागली, पण भूल कमी पडली तर हात हलवून ते कळवायची रुग्णाची सोय गेली.

चेतातंतूच्या टोकातून ॲसिटाइलकोलीन सुटतं आणि स्नायूवरच्या ठरलेल्या जागी बसतं, तेव्हा स्नायू आखडतो. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम ही औषधं त्याच जागा अडवतात. हा लुळेपणा उतरवायला निओस्टिग्मिन देतात; ते ॲसिटाइलकोलीन मोडू देत नाही. मग ॲसिटाइलकोलीन साठत जातं आणि अडवलेल्या जागा परत मिळवतं. मात्र लुळेपणा खोल असेल तर डोस वाढवूनही उपयोग होत नाही. शिवाय हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन द्यावं लागतं. सुगॅमाडेक्सची तऱ्हा निराळी. आठ शर्करा-रेणूंचं हे कडं रोक्युरोनियमचा रेणूच पोटात घेतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. युरोपात त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत २०१५ मध्ये. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: या औषधानंतर सात दिवस दुसरंही साधन वापरावं लागतं.

स्नायूंचं औषध उतरलं हे ठरवायचं कसं? मनगटाशी, करंगळीच्या बाजूनं जाणाऱ्या चेतेला अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं विजेचे चार हलके झटके देतात आणि अंगठा पाहतात. औषधाचा अंमल उरला असेल, तर पहिल्या झटक्याला तो जोरात आत वळतो, दुसऱ्याला थोडा कमी, चौथ्याला जेमतेम. चौथ्या हालचालीचा जोर पहिलीच्या निदान ०.९ पट व्हायला हवा. पण हे प्रमाण ०.४ च्या वर गेलं की नुसत्या नजरेला चारही हालचाली सारख्याच वाटू लागतात. तेवढ्यावर श्वासाची नळी काढली, तर घसा दुबळाच असतो आणि गिळलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून मोजणारं यंत्र हवंच, असं मला ठामपणे वाटतं.

ब्रिटन-आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत, स्नायू सैल करणारं औषध दिलेल्या सुमारे ८,००० जणांमागे एकानं भुलेत जाग आल्याचं सांगितलं. ते औषध नसताना हेच प्रमाण सुमारे १,३६,००० मागे एक होतं. काहींना जाग आली ती शस्त्रक्रिया संपताना: झोपेचं औषध उतरलं होतं, लुळेपणा उतरला नव्हता.

मेंदूवर लक्ष ठेवायला कपाळावर पट्टी लावतात. तिच्यावरून यंत्र ० ते १०० मधला एक आकडा काढतं. ४० ते ६० म्हणजे पुरेशी भूल. पण त्या आकड्यात कपाळाच्या स्नायूंचे संकेतही मिसळतात. जाग्या स्वयंसेवकांना फक्त स्नायू सैल करणारं औषध दिलं, तर मन टक्क जागं असूनही आकडा खाली आला. वायूनं भूल दिली असेल, तर उच्छ्वासातलं वायूचं प्रमाण मोजून धोक्याची घंटा लावता येते. भूल शिरेतून असेल, तेव्हा पट्टीचं मोल वाढतं.

आणखी एक साधा उपाय आहे. स्नायूंचं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळतात. औषध त्या हातात पोचत नाही, हात मोकळा राहतो. मग रुग्णाचं नाव घेऊन विचारतात, ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.’ काही जण दाबतात. त्यातल्या बहुतेकांना नंतर त्यातलं काहीच आठवत नाही.