मंगळाच्या दगडातलं पाणी वरूनच कसं ओळखतात?

मंगळावर पाणी सापडलं अशी बातमी आली की लोकांना लगेच नदी नाहीतर तळं आठवतं, पण बहुतेक वेळा सापडलेलं असतं ते खनिजात अडकलेलं पाणी, म्हणजे चिकणमाती, जिप्सम असल्या खनिजांच्या आत बसलेलं. आणि हे ओळखलंय सुमारे 300 किलोमीटर वरून, खाली न उतरता.

सगळा खेळ इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालच्या पलीकडच्या प्रकाशाचा. ऊन जमिनीवर पडून परत येतं तेव्हा प्रत्येक खनिज त्यातला ठराविक भाग शोषून घेतं आणि स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत आला त्या आलेखात, तिथे खड्डा पडतो. 1.4 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला खड्डा दिसला तर पाणी असेल किंवा नुसतं हायड्रॉक्सिल, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एकच हायड्रोजन अशी जोडी, सांगता येत नाही. पण 1.9 लाही दिसला की पाण्याचा अख्खा रेणूच आहे, कारण हा खड्डा रेणू एकाच वेळी ताणला आणि वाकला तरच पडतो, आणि हायड्रॉक्सिलकडे वाकायला दुसरा हायड्रोजनच नसतो! पुढे 2.3 च्या आसपास खड्डा असेल तर लोह-मॅग्नेशियमची चिकणमाती, 2.2 ला असेल तर ॲल्युमिनियमची.

युरोपच्या मार्स एक्स्प्रेस यानावरच्या ओमेगा या स्पेक्ट्रम मोजणाऱ्या उपकरणाने 2004 पासून मावर्थ व्हॅलिस, निली फॉसे अशा जुन्या भागांत हे खड्डे दाखवले, मग 2006 मध्ये नासाचं तसंच उपकरण, क्रिझम, आलं, त्याचा एक पिक्सेल साधारण 18 मीटरचा.

डोकेदुखी आहे ती हवेची. तिथला कार्बन डायऑक्साइड 2 मायक्रॉनजवळ स्वतःच मोठा खड्डा पाडतो. त्यावरचा उपाय मला तरी जाम आवडतो: 20 किलोमीटरहून उंच ऑलिंपस मॉन्स ज्वालामुखीचा पायथा आणि माथा दोन्हीचा स्पेक्ट्रम घ्यायचा, एकाला दुसऱ्याने भागायचं, दोन्हीकडची जमीन साधारण सारखी आणि फरक वरच्या हवेचा, म्हणून उरते ती जवळजवळ नुसती हवा, मग तीच बाकीच्या डेटातून काढून टाकायची.

तरी फसगत होतेच. 2018 मध्ये लक्षात आलं की क्रिझमचा डेटा साफ करतानाच काही पिक्सेलमध्ये 1.9 आणि 2.1 ला खोटे खड्डे तयार होत होते, अगदी परक्लोरेटसारखे (क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेल्या क्षारांसारखे) दिसणारे, त्यामुळे आधीचे काही दावे संशयात आले.

उलटही होतं. हा प्रकाश जमिनीची फक्त वरची पातळ साल बघतो, म्हणजे धूळ बसली की संपलं. गेल विवरात येलोनाइफ बे भागात नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने 2013 मध्ये ड्रिल मारला तर दगडात साधारण 20 टक्के चिकणमाती निघाली, आणि कक्षेतून बघताना नेमक्या त्या जागी तिचा पत्ताच लागला नव्हता.