चहाच्या अर्काची सूक्ष्मजीवरोधकता

चहाच्या झुडपाच्या (कॅमेलिया सायनेन्सिस) पानांतील काही द्रव्ये जीवाणू, विषाणू व बुरशी यांची वाढ रोखतात, तर काही वेळा त्यांचा नाशही करतात. या गुणधर्माला चहाच्या अर्काची सूक्ष्मजीवरोधकता म्हणतात. ‘टी ट्री ऑइल’ या नावाने विकले जाणारे तेल या झुडपाचे नसून ऑस्ट्रेलियातील मेलाल्युका आल्टर्निफोलिया या भिन्न कुळातील वृक्षाचे असते, म्हणून त्यावरील निष्कर्ष चहाला लावू नयेत.

या गुणधर्माच्या सुरुवातीच्या शास्त्रीय नोंदींपैकी एक ब्रिटिश सेनेतील वैद्यकीय अधिकारी मेजर मॅकनॉट यांची आहे. कोऱ्या काळ्या चहात विषमज्वराचे आणि माल्टा ज्वराचे (ब्रुसेलोसिस) जंतू तग धरत नाहीत असे १९०६ साली दाखवून, सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्यांत चहा भरावा अशी शिफारस त्यांनी केली होती.

या परिणामामागे मुख्यतः कॅटेचिन गटातील पॉलिफेनॉले (वनस्पतींतील एक प्रकारची संयुगे) असतात. हिरव्या चहात ती विपुल असून त्यांत एपिगॅलोकॅटेचिन गॅलेटचा (ईजीसीजी) वाटा सर्वांत मोठा असतो. काळा चहा करताना पाने मळली की विकरांमुळे (एन्झाइम) कॅटेचिनांचे ऑक्सिडीकरण होऊन थीफ्लॅविने व थीरुबिजिने बनतात. त्यांतही हा गुण काही अंशी टिकतो.

कॅटेचिने जीवाणूंच्या पेशीपटलाच्या मेदथरात शिरून ते विस्कळीत करतात. ग्रॅम या रंगचाचणीनुसार जीवाणूंचे ग्रॅम-ऋण व ग्रॅम-धन असे दोन गट पडतात; ग्रॅम-ऋण जीवाणूंना बाहेरच्या आवरणाचे संरक्षण मिळत असल्यामुळे ग्रॅम-धन जीवाणू सहसा अधिक बळी पडतात. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवरील प्रयोग विशेष महत्त्वाचे आहेत: एपिकॅटेचिन गॅलेट या दुसऱ्या कॅटेचिनाच्या सान्निध्यात या जीवाणूंचा प्रतिकार ढिला पडतो आणि एरवी निष्प्रभ ठरणारे ऑक्सॅसिलिन हे प्रतिजैविक पुन्हा लागू पडते. इन्फ्लुएंझा विषाणूच्या बाबतीत ईजीसीजी त्याच्या पृष्ठभागावरील हीमॅग्लुटिनिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे विषाणू पेशीला धरू शकत नाही.

मात्र परीक्षानळीतील यश शरीरात जसेच्या तसे उतरत नाही. जीवाणू रोखण्यासाठी बहुधा दर मिलिलिटरला दहा ते शेकडो मायक्रोग्रॅम कॅटेचिन लागते. काही कप चहा प्यायल्यावर रक्तात त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्याही खालीच राहते. शिवाय प्रयोगाच्या पोषक द्रवात ईजीसीजीपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि जंतू त्यानेही मरू शकतात, हे अनेक लोकप्रिय लेखांत सांगितले जात नाही. म्हणूनच अर्काचा जिथे थेट स्पर्श होतो, त्या तोंड व त्वचेसारख्या ठिकाणी अधिक आशा आहे. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू साखरेपासून ग्लुकान हा चिकट पदार्थ बनवून दातांवर बसतो. हे ग्लुकान बनवणारे विकर चहातील पॉलिफेनॉले मंदावतात. महाराष्ट्रात घरोघरी होणाऱ्या दूध-साखरेच्या उकळलेल्या चहाकडून मात्र हीच अपेक्षा ठेवता येत नाही, कारण दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलांना बांधून ठेवते आणि साखर तर त्या जीवाणूचेच खाद्य आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली हिरव्या चहाच्या कॅटेचिनांचे १५ टक्के मलम जननेंद्रियांवरील बाह्य चामखिळींसाठी मान्य केले. या चामखिळी मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात, तरी मलमाची नेमकी कार्यपद्धती निश्चित झालेली नाही. पोटात घ्यायच्या गोळ्यांबाबत सावधगिरी हवी: पूरक आहारातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृतावर ताण पडल्याची चिन्हे दिसू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नमूद केले आहे.