१.३ लिटरचं रोटरी आणि विमान? हा हिशोबच चुकतोय

होमबिल्ट (घरी बांधलेल्या) विमानात माझदाचं १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी दोन फिरते रोटर असलेलं रोटरी इंजिन बसवायचं म्हटलं की कोणीतरी म्हणतंच, अहो १.३ लिटरचं कारचं इंजिन ते, ६००० आरपीएमला पिळून काढणार, किती टिकेल! पण पिस्टनवाला हिशोब इथे लागूच होत नाही. शाफ्ट तीनदा फिरते तेव्हा रोटर एकदाच फिरतो, म्हणजे शाफ्ट ६००० ला असताना रोटर फक्त २००० आरपीएमला. आणि शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन्ही रोटर मिळून १३०८ सीसी ओढतात, दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढणाऱ्या फोर-स्ट्रोकमध्ये एवढी हवा ओढायला २.६ लिटरचं इंजिन लागतं.

उलटी गंमत पण आहे, हेच इंजिन असलेल्या माझदा आरएक्स-८ कारच्या जाहिरातीतले २३० च्या आसपासचे एचपी बघून काही लोक तेच गृहीत धरतात, पण ते ८५०० आरपीएमचे! टॉर्क ५५०० ला साधारण २११ न्यूटन-मीटर, म्हणजे तिथे १६५ एचपी धरा, तेही इनटेक-एक्झॉस्ट कारसारखं राहिलं तर. प्रॉपला (प्रोपेलरला) मात्र रिडक्शन ड्राइव्ह, म्हणजे शाफ्टचा वेग कमी करणारा गिअर, हवाच. आणि ट्यूनिंग करताना एक्झॉस्ट टेम्परेचर लायकॉमिंगशी (विमानांच्या नेहमीच्या पिस्टन इंजिनाशी) ताडू नका, रोटरीचं मुळातच जास्त असतं.